चांदी पडून बिघडते, पिरोजा वापरून

दिवाळीच्या तोंडावर कपाटातली चांदी बाहेर निघते आणि घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. मागच्या वर्षी लख्ख घासून, मऊ कापडात गुंडाळून ठेवलेली अत्तरदाणी काळी ठिक्कर पडलेली असते. वर्षभर तिला कुणी हात लावलेला नसतो, पाण्याचा थेंब लागलेला नसतो. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण मात्र रोज आंघोळ करतो, रोज पुसला जातो आणि तरीही उजळ असतो.

आता पिरोजाचं पाहा. सराफ त्याला फिरोजाही म्हणतात. घेतली तेव्हा आकाशी असलेली अंगठी रोज बोटात राहिली की काही वर्षांत हिरवट होते. तिच्याच जोडीची, लग्नकार्याखेरीज डबीतून बाहेर न आलेली कर्णफुलं निळीच राहतात.

म्हणजे चांदी नुसती पडून राहिली की बिघडते आणि पिरोजा वापरला की बिघडतो. गंमत अशी की जगभरच्या कारागिरांना हीच जोडी एका दागिन्यात बसवायचा मोह झाला. इराणात, लडाखमध्ये, अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या वाळवंटात पिरोजा आणि चांदी एकत्र नांदताना दिसतात. असे दागिने आणि त्यांच्याबरोबर जुनी चांदीची भांडी जमवणाऱ्यांना एक गोष्ट लवकर कळावी लागते: चांदीला जे औषध, ते पिरोजाला विष आहे. असं का, हे समजायला आधी दोघांचे आजार वेगवेगळे पाहू.

काळेपणा येतो कुठून

लोखंड गंजतं ते हवेतला प्राणवायू आणि ओलावा यांच्यामुळे. घरातल्या तापमानाला चांदीला प्राणवायूचं फारसं सोयरसुतक नसतं. तिची ओढ गंधकाकडे. हवेत हायड्रोजन सल्फाइड हा वायू अगदी किंचित असतो. सडक्या अंड्याचा वास येतो तो याचाच. गटारं, दलदलीच्या जागा, कुजणारा कचरा, जळणारा कोळसा यांतून तो हवेत मिसळतो. आपल्या नाकाला कळणारही नाही इतकं कमी प्रमाण चांदीला पुरतं. पृष्ठभागावरची चांदी गंधकाशी संयोग पावते आणि सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर तयार होतो. तो पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे साबणाने कितीही धुतलं तरी जात नाही. हवा दमट असेल तर हे काम झपाट्याने होतं. कोकणातल्या आणि मुंबईतल्या चांदीची पावसाळ्यात काय दशा होते, ते तिथल्या गृहिणींना सांगायला नको.

हा थर एकदम काळा दिसत नाही. बरेच दिवस पडून राहिलेलं चांदीचं तबक खिडकीशी तिरपं धरून पाहावं. काठाजवळ मधासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळट, क्वचित मोरपंखी निळ्याची झाक आणि जिथे थर जाड झाला तिथे काळा, असे पट्टे त्यावर दिसतात. थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात. थर किती जाड आहे त्यावर कोणता रंग उठून दिसेल आणि कोणता मारला जाईल हे ठरतं. पिवळसर झाक येते तेव्हा थराची जाडी मिलिमीटरच्या साधारण लाखाव्या भागाएवढी असते. या टप्प्यावर तो मऊ सुती कापडानेही निघतो. रोज वापरातली चांदी उजळ राहते ती यामुळेच, कारण थर बसायच्या आत पुसला जातो.

गंधकाचा पुरवठा बाहेरूनच होतो असं नाही. उकडलेलं अंडं, कांदा, लसूण, मोहरी यांत गंधकाची संयुगं असतात. लोकरीत गंधक असतं. रबर टिकाऊ करताना त्यात गंधक घालतात. चमच्यांची जुडी रबर बँडने बांधून ठेवली की वर्षभराने नेमकी त्या पट्ट्याखाली काळी रेघ उमटते. चांदी लोकरीच्या शालीत गुंडाळणं म्हणजे तिला काळं पडायला मदतच करणं.

मिठाची गोष्ट निराळी आणि जास्त वाईट. ओलसर मीठ चांदीला आणि तिच्यात मिसळलेल्या तांब्याला खातं, पृष्ठभागावर बारीक खड्डे पाडतं, आणि ते घासून जात नाहीत. म्हणून जुन्या युरोपीय चांदीच्या मीठदाण्यांना आतून सोन्याचा मुलामा दिलेला असतो किंवा निळ्या काचेची वाटी बसवलेली असते. आपल्याकडे चांदीच्या वाटीत लोणचं वाढतात. जेवणापुरतं ठीक, रात्रभर तसंच ठेवू नये.

काही काळेपणा मुद्दाम केलेला असतो, हेही इथेच सांगून टाकतो. कोरीव कामाच्या खोबणीत सोनार गंधकयुक्त द्रव लावून चांदी काळी करतो आणि उंचवटे घासून चमकवतो, म्हणजे नक्षी उठून दिसते. रसायन तेच, पण हे काळं कामाचा भाग आहे. ते 'स्वच्छ' केलं की नक्षीतला जीव जातो.

तेल पिणारा दगड

पिरोजा हिरा-माणकासारखा खोल पृथ्वीच्या पोटात तयार होत नाही. त्याचा जन्म जमिनीच्या वरच्या थरात, तोही बहुधा कोरड्या प्रदेशात होतो. क्वचित पडणारं पावसाचं पाणी खडकातून झिरपतं. वाटेत तांब्याची खनिजं असली तर ते आम्लयुक्त होतं आणि तांबं विरघळवून घेतं. फेल्डस्पार या खनिजातून त्याला ॲल्युमिनियम मिळतं आणि ॲपेटाइटमधून फॉस्फेट. हे सगळं घेऊन ते पाणी फटीत मुरतं आणि तिथे हळूहळू निळा दगड साकळतो. त्याच्या घडणीत पाणीही बांधलेलं असतं. जगातल्या पिरोजाच्या नामांकित खाणी अशाच रुक्ष मुलखांत आहेत. सिनाईच्या वाळवंटात प्राचीन इजिप्तच्या लोकांनी तो खणून काढला. तिथल्या सेराबित अल-खादिम इथे हाथोर देवीचं मंदिर आहे आणि पिरोजाची स्वामिनी म्हणून तिला पूजत असत. इराणमधल्या निशापूरचा दगड शतकानुशतकं उत्तम निळ्याचं माप मानला गेला. तिसरा मोठा मुलूख म्हणजे अमेरिकेतली ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि नेवाडा ही राज्यं.

निळा रंग तांब्याचा. घडताना ॲल्युमिनियमची जागा थोडी लोखंडाने घेतली तर दगड हिरवटच जन्माला येतो. हा दोष नव्हे, जात आहे. तिबेट आणि लडाखमध्ये हिरवी झाक असलेल्या पिरोजाला मान आहे. लडाखच्या स्त्रिया डोक्यावरून पाठीवर सोडतात त्या 'पेराक'च्या कातडी पट्ट्यावर ओळीने असे दगड शिवलेले असतात आणि तो आईकडून थोरल्या मुलीकडे जातो.

आपल्याला छळतो तो दुसरा हिरवा रंग, नंतर आलेला. पिरोजा म्हणजे अतिसूक्ष्म कणांचा गठ्ठा, आणि कणांच्या मधे पोकळ्या असतात. कठीणपणात काचेच्या जेमतेम बरोबरीचा किंवा तिच्याहून कमीच असलेला हा दगड आतून सच्छिद्र असतो. नवी कोरी मातीची पणती आठवा. वात लावण्याआधीच ती अर्धं तेल पिऊन टाकते आणि गडद होते. पिरोजा तेच करतो, फक्त सावकाश. त्वचेचा तेलकटपणा, घाम, क्रीम, अत्तर, साबणाचं पाणी, भांड्यांचं लिक्विड हे सगळं त्या छिद्रांतून आत जातं. पोकळ्या भरल्या की प्रकाश पूर्वीसारखा विखुरत नाही, दगड गडद दिसतो. आत गेलेलं तेल जुनं होऊन पिवळं पडतं, आणि निळ्यावर पिवळं चढलं की हिरवं. फार उष्णता लागली तर दगडात बांधलेलं पाणीही निघून जातं आणि तो फिका, कोरडा, कधी तपकिरी होतो.

दोन आजारांतला मुख्य फरक इथे आहे. चांदीचा काळेपणा वरचा असतो, खालची चांदी शाबूत असते. पिरोजाचा हिरवेपणा आतला असतो. तो काढून टाकायला वरचा थर म्हणून काही नसतोच.

भिजवलेली पणती

अनुभवी माणूस नवी पणती आधी पाण्यात बुडवून ठेवतो. छिद्रं भरली की ती तेल कमी पिते. पिरोजाच्या व्यापाऱ्यांनी हीच युक्ती लढवली. पूर्वी दगडाला मेण किंवा तेल पाजत. त्याने रंग खुलायचा, पण काही काळापुरता. विसाव्या शतकाच्या मध्यापासून छिद्रांत दाबाने प्लास्टिक किंवा राळेसारखं द्रव्य भरायला सुरुवात झाली. बाजारात याला 'स्टॅबिलाइज्ड' म्हणतात. खडूसारखा भुसभुशीत, एरवी फेकून दिला असता असा दगड यामुळे दागिन्यात बसण्याजोगा होतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जेम्स झॅकरी या विद्युत अभियंत्याची पद्धत आली. तिच्यात प्लास्टिक नसतं, तरीही दगडाची छिद्रं आक्रसतात. ती प्रयोगशाळेतच ओळखता येते.

माझ्या मते स्टॅबिलाइज्ड दगड घेण्यात काही वावगं नाही. रोज घालायचा असेल तर तोच बरा. वावगं आहे ते नैसर्गिक म्हणून त्याचे दाम लावणं.

नकली मालाची गोष्ट वेगळी. हाऊलाइट आणि मॅग्नेसाइट ही पांढरी, सच्छिद्र, करड्या-काळ्या रेषांची खनिजं निळ्या रंगात बुडवली की हुबेहूब पिरोजा दिसतात. माळेतला मणी दहापट भिंगाखाली घ्या आणि आधी त्याचं भोक पाहा. रंगवलेल्या मण्यात रंग भोकाच्या कडेला आणि तड्यांत दाट साचलेला असतो, आणि भोकाच्या आत कुठे टवका उडाला असेल तर तिथे पांढरं दिसतं. खऱ्या दगडातल्या तपकिरी-काळ्या रेषा त्याच्या भोवतीच्या मूळ खडकाच्या असतात. बोट फिरवलं तर बऱ्याचदा त्या किंचित खोल लागतात. त्यांना व्यापारात मॅट्रिक्स म्हणतात. इराणी परंपरेत रेघ नसलेला निळा दगड श्रेष्ठ, अमेरिकेत कोळ्याच्या जाळ्यासारखी रेघ असलेल्या दगडाला जास्त पैसे. आवडीनिवडीला इलाज नाही.

*चौकट: दागिना हातात घेतल्यावर*
रंग सगळीकडे अगदी एकसारखा आणि भाव फारच कमी असेल तर संशय घ्यावा.
मण्याचं भोक, दगडाची मागची बाजू आणि कोंदणाची कड भिंगातून पाहावी.
तापलेली सुई किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावून परीक्षा करू नये. दगड खरा असला तर आपणच त्याचं नुकसान करतो.
मौल्यवान वस्तू असेल तर रत्नपरीक्षा प्रयोगशाळेचा दाखला मागावा आणि त्यात 'प्रक्रिया' या रकान्यात काय लिहिलं आहे ते वाचावं.

नाण्यांची चांदी, वाळवंटातला दगड

अमेरिकेच्या नैर्ऋत्येत पिरोजा फार जुना आणि चांदी फार नवी. न्यू मेक्सिकोतल्या चाको कॅन्यनमध्ये प्युएब्लो बोनितो ही हजार वर्षांपूर्वीची भव्य वस्ती आहे. तिथल्या दफनांत पिरोजाचे हजारो मणी सापडले, चांदी मात्र नाही. चांदीचं काम स्पॅनिश आणि मेक्सिकन लोकांबरोबर आलं. नावाहो लोकांमध्ये ते रुजवण्याचं श्रेय आत्सिदी सानी या लोहाराला दिलं जातं. नावाहोंना बोस्के रेदोंदो इथल्या बंदिवासातून १८६८ मध्ये परत येता आलं आणि त्यानंतर या कामाने मूळ धरलं. शेजारच्या झुनी लोकांनी ते १८७० च्या दशकात नावाहोंकडून उचललं. चांदीत पिरोजा बसवायला सुरुवात झाली ती साधारण १८८० च्या सुमारास.

कच्चा माल म्हणजे नाणी. अमेरिकन चांदीचा डॉलर आणि मेक्सिकन पेसो वितळवत. दोन्हींत सुमारे ९० टक्के चांदी. अमेरिकन नाणी वितळवण्यावर पुढे बंदी आली तेव्हा पेसोवर भर राहिला. मऊ दगडात कोरून केलेल्या साच्यात चांदी ओतायची किंवा ठोकून पत्रा करायचा, त्यावर पोलादी ठशांनी चंद्रकोरी आणि दातेरी नक्षी उठवायची, आणि मग चांदीच्या पातळ पट्टीचं कोंदण करून त्यात दगड बसवायचा. नावाहो कारागिराला चांदीचा भरदारपणा आवडतो, झुनीला दगडाचं बारीक काम. झुनींच्या कड्यांवर तांदळाच्या दाण्याएवढे दगड प्रत्येकी स्वतंत्र कोंदणात ओळीने बसवलेले असतात.

रेल्वे आली, पर्यटक आले. फ्रेड हार्वी कंपनीने १८९९ च्या सुमारास हलक्या वजनाचे, परवडणारे दागिने करून घ्यायला सुरुवात केली. पाहुण्यांसाठी चांदीचे चमचेही होऊ लागले, त्यातल्या काहींच्या दांड्यावर पिरोजाचा खडा. पुढे नकली मालाचा इतका सुळसुळाट झाला की १९९० मध्ये अमेरिकेत कायदा करावा लागला. आदिवासी कारागिराने न केलेली वस्तू त्याची म्हणून विकणं हा आता तिथे गुन्हा आहे. जुन्या दागिन्यांवर बहुधा कसलाच शिक्का नसतो. शिक्का नाही म्हणून खोटं असं मानलं तर उत्तमोत्तम वस्तू हातच्या जातील.

आत काय भरलंय?

आता सफाई. ॲल्युमिनियम फॉइल, खायचा सोडा आणि उकळतं पाणी हा उपाय सगळ्यांच्या फोनवर येऊन गेला आहे, आणि तो खरोखर चालतो. गंधकाला चांदीपासून तोडायचं तर कुणीतरी चांदीला इलेक्ट्रॉन द्यावे लागतात. ॲल्युमिनियम ते आनंदाने देतं. सोडा ॲल्युमिनियमवरचं संरक्षक कवच काढतो आणि पाण्यातून वीज वाहायला मदत करतो. मात्र चांदी आणि फॉइल एकमेकांना टेकलेली हवीत. काळा थर फुटून त्यातली चांदी जागीच परत मिळते आणि गंधक वायूच्या रूपाने बाहेर पडतं. भांड्यातून सडक्या अंड्याचा वास आला की समजावं, काम होतंय. रांगोळीने किंवा टूथपेस्टने घासताना चांदी दरवेळी थोडी झिजते, इथे ती झिजत नाही. साध्या, सपाट, भरीव ताट-वाटीसाठी हा उपाय चांगला.

पिरोजाच्या दागिन्यासाठी मात्र तो घातक. गरम, अल्कधर्मी पाणी छिद्रांत शिरतं. मुद्दाम केलेलं काळं निघून जातं. आणि जुन्या नावाहो-झुनी कामात आणखी एक छुपी अडचण आहे. कोंदणात दगड नीट उंचीवर यावा म्हणून त्याच्याखाली लाकडाचा भुसा भरायची पद्धत होती. पाणी आत गेलं की भुसा फुगतो, दगडाला वर ढकलतो आणि दगड सैल होतो किंवा तडकतो. दागिना वरून कोरडा दिसतो, आत मात्र कित्येक दिवस ओल राहते. अल्ट्रासॉनिक यंत्र आणि चांदी बुडवून काढायचं तयार द्रावण यांनाही हीच बंदी. कोरडं, मऊ कापड घ्यावं, चांदीवरून फिरवावं, दगडाला चुकवावं. घालायच्या दिवशी अत्तर-क्रीम आधी, दागिना शेवटी. काढल्यावर दगड कोरड्या कापडाने पुसून ठेवावा. दुरुस्तीला देताना सोनाराला बजावून सांगावं की डाग देण्याआधी दगड कोंदणातून काढ. ज्योतीच्या उष्णतेने पिरोजा गेलाच म्हणून समजा.

भांड्यांच्या पोटातही असंच काहीतरी असतं. जुन्या विलायती सुऱ्यांच्या चांदीच्या मुठी पोकळ असतात आणि त्यांत राळ भरलेली असते. उकळत्या पाण्यात राळ वितळते, मूठ फुगते, पातं निखळतं. मेणबत्तीची उभी शमादानं पातळ पत्र्याची असतात आणि कलंडू नयेत म्हणून त्यांत जड भरण असतं. आपल्याकडे चांदी वजनावर घ्यायची सवय आहे. असं शमादान तराजूवर टाकून भाव केला तर चांदीच्या दराने राळ आणि चुनखडी विकत घेऊ.

मुलामा की चांदी

शुद्ध चांदी भांड्यासाठी फार मऊ. म्हणून तिच्यात तांबं मिसळतात. इंग्लंडमध्ये ९२.५ टक्के चांदीचं स्टर्लिंग हे प्रमाण १३०० सालच्या कायद्यात बांधलं गेलं आणि तपासणीचा शिक्का सुरू झाला. चालता सिंह हा शिक्का १५४४ पासूनचा. आपल्याकडे आता भारतीय मानक ब्युरोचा हॉलमार्क आहे आणि त्यात ९२५ सारखे आकडे शुद्धतेचे असतात. जुन्या देशी भांड्यांवर फार तर घडवणाऱ्याची खूण. कच्छच्या भुजचे दरबारी कारागीर ऊमरसी मावजी यांच्या चहाच्या संचांवर बुडाशी इंग्रजीत 'ओ. एम.' आणि 'भुज' असे ठसे दिसतात, आणि वेलबुट्टीत दडलेले प्राणी सापडतात. या ठशांची किंमत इतकी वाढली आहे की ठसेही नकली निघतात. नक्षीची बारकाई पाहावी, ठसा मग.

ज्यांना चांदी परवडत नव्हती त्यांच्यासाठी शेफील्डच्या थॉमस बोल्सोव्हरने १७४० च्या दशकात तांब्याच्या लगडीवर चांदीचा पत्रा उष्णतेने जोडून तो लाटायची युक्ती काढली. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये विजेच्या साहाय्याने मुलामा चढवण्याचं पेटंट घेतलं आणि शेफील्डचा तो उद्योग मागे पडला. विजेच्या मुलाम्याखाली बहुधा तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू असतो, आपण ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो तो. त्यात चांदीचा कणही नसतो. अशा भांड्याच्या बुडाशी 'ई. पी. एन. एस.' ही इंग्रजी अक्षरं ढालीच्या आकारात, जुन्या वळणात कोरलेली असतात. घाईत पाहिलं तर हॉलमार्क वाटावा, अशीच ती मांडलेली असतात.

मुलाम्याच्या वस्तूला घासण्याचा हिशेब कडक असतो. चांदीचा थर मोजका, प्रत्येक घासणीला थोडा कमी. सगळ्यात आधी तो उंचवट्यांवर, काठावर, मुठीच्या वळणावर जातो. जुन्या शेफील्ड तबकाच्या काठावर तांब्याची तांबूस झाक दिसली तर पुन्हा मुलामा द्यायची घाई करू नये. संग्राहक ती झाक वयाची खूण मानतात, आणि विजेचा नवा मुलामा चढवला की जुन्या शेफील्डची किंमत घसरते. रोज पाहुण्यांपुढे ठेवायच्या साध्या जर्मन सिल्व्हरच्या ट्रेला मात्र खुशाल नवा मुलामा द्यावा.